एकही कवेलू हलला नाही

पिपरी मेघेतली ती खोली मला मिळाली ती मी कोकणातली आहे म्हणून, असं मला पहिले काही दिवस वाटत होतं. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. सामान लॉजवर पडून होतं आणि मी उन्हातान्हात खोली शोधत हिंडत होते. त्या घराच्या फाटकाशी पोचले तेव्हा घरमालक छपरावर होते. उतारावर दोन्ही पाय फाकवून, घोड्यावर बसावं तसे. तोंडात काहीतरी आडवं धरलेलं. मी खोलीबद्दल विचारलं, तसं त्यांनी तोंडातलं हातात घेतलं. सायकलच्या चाकाचा स्पोक होता.

"गाव कोनतं?" वरूनच प्रश्न आला.

"राजापूरकडचं."

"म्हणजे कोकन!" ते एवढ्या झटक्याने उठले की मीच घाबरून दोन पावलं मागे सरले. "अवं, आयकलं का? कोकनातल्या मॅडम आल्या! कवेलूच्या मुलखातल्या!"

"मंग पानी देऊ का हार आनू?" आतून एका बाईंचा आवाज आला.

शिडीवरून उतरेपर्यंतही त्यांना दम नव्हता. "तुमच्या घरी कवेलू कसे बसवतेत? खिळ्यानं का तारेनं? का नुसतेच ठेवतेत?"

कवेलू म्हणजे आमच्याकडची कौलं, एवढं मला कळलं होतं. पण पुढचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "काका, आमच्या घराला स्लॅब आहे. मी शाळेत असतानाच बाबांनी टाकला."

ते शिडीच्या खालच्या पायरीवर हळूच टेकले. "कोकनात बी?" असं म्हणाले. घरातलं कुणी गेल्याची बातमी ऐकावी, तसा आवाज होता तो.

तेवढ्यात काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मात्र फुललेला. "स्लॅब टाकला म्हणता? तुमचे बाबा लय समजदार मानूस दिसतेत, मॅडम." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "देऊन टाका यांनाच खोली."

म्हणजे काकांनी ती खोली मला कोकणामुळे दाखवली आणि काकूंनी ती स्लॅबमुळे दिली. त्या घरात मी राहायला गेले ती अशी, लढाई चालू असताना, दोन्ही बाजूंना आपलीच वाटणारी.

काका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल आणि मान कायम मागे कललेली. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत, त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघत. नवखा माणूस घाबरून वर पाही, त्याला वाटे पाल आहे. एकदा आमच्या प्राचार्यांशी त्यांची ओळख करून दिली, तर नमस्कार करून झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "तुमच्या ऑफिसच्या पीओपीच्या आत काय भरलं हाये?" प्राचार्य म्हणाले, माहीत नाही. काका म्हणाले, "पाहून घ्या बाप्पा. मानसानं आपल्या डोक्यावर काय हाये ते तरी माहीत असू द्यावं."

आजूबाजूला सगळीकडे दुमजली, रंगीत, काचा लावलेली घरं उठत होती. वर्ध्याचा पगारदार वर्ग तिथे येऊन वसत होता. त्या सगळ्यांत काकांचं एकट्याचं घर कवेलूचं. ते गरिबीने तसं राहिलं होतं असं नाही. काकांचं म्हणणं, "स्लॅब म्हणजे तवा. दिवसभर तापते अन् रातभर तुमाले भाजते. पैसे देऊन तव्यावर झोपाचं, असं कुठं असते का?"

कवेलूची गोष्टही सरळ नव्हती, हे खरं. दर उन्हाळ्यात माणूस वर चढवून ते फेरावे लागत, म्हणजे उतरवून, फुटके काढून पुन्हा नीट लावावे लागत. वारं आलं की सरकत. आणि वांदरं! तिथली लांब शेपटीची वांदरं छपरावर येत, एकेक कवेलू उचलून खाली काय चाललंय ते पाहत आणि रुचलं नाही तर तो कवेलू आत टाकून देत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंच्या वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, असा एक पडला होता. काकूंनी तेव्हाच स्लॅबचं नाव काढलं आणि काकांनी तेव्हाच ठरवलं की कवेलू असा बसवायचा की वांदराच्या बापाला निघू नये.

त्यातून त्यांची ती पद्धत निघाली. चपट्या, इंग्रजी कवेलूच्या खालच्या अंगाला एक लहानसं भोक असतं. त्यात काका जुन्या सायकलच्या स्पोकचं वाकडं टोक अडकवत. स्पोक खालच्या लाकडी पट्टीतून आरपार काढत आणि दुसऱ्या टोकाला, चाकात असते तीच बारकी पितळी टोपी लावून पान्याने आवळत. बस्. कवेलू पट्टीला घट्ट, पण फुटण्याइतका घट्ट नाही. एखादा बदलायचा झाला तर आतूनच टोपी ढिली करायची, वर चढायला नको. वर्ध्यातल्या यच्चयावत सायकल दुकानदारांना काका माहीत होते. मोडकं चाक दिसलं की ते फोन करत.

पहिलं वांदर आलं तेव्हाची हकिगत मी काकांकडून इतक्यांदा ऐकली की मीच तिथे होते असं वाटतं. वांदराने कवेलू ओढला. हलला नाही. दुसरा ओढला. मग दोन्ही हातांनी. मग त्याने त्या कवेलूला चापट मारली, काकांकडे खुन्नस देऊन पाहिलं आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर उडी मारून गेलं. "त्या दिवशी मले डिग्री भेटली," काका सांगत.

कवेलू बसले, आता ऊन अडवायचं होतं. त्यासाठी कवेलूच्या खाली कापसाच्या गाद्यांचा थर घालायचा असं त्यांनी योजलं. जिनिंगमधून रद्दी कापूस आणला, लांबट उशा शिवून घेतल्या आणि पट्ट्यांमध्ये बसवल्या. घर खरंच गार झालं. पण कापसात सरकी राहून गेली होती. पावसाळ्यात कुठूनशी ओल लागली आणि पोळ्याच्या सुमाराला छपराच्या मध्यावर कवेलूंच्या सांध्यातून कपाशीची रोपं बाहेर आली. दोन दोन पानं, हिरवीगार. समोरचे गृहस्थ रोज सकाळी ब्रश करत गच्चीवरून विचारत, "काकाजी, फवारनी कवा करून राह्यले?" काकू म्हणाल्या, "बोंडं येऊ द्या. याच कापसाची वात करून यायची आरती करतो मी."

काका चिडले नाहीत, उलट हसले. ते सगळं उतरवलं, कापूस चुन्याच्या निवळीत बुडवून वाळवला आणि पुन्हा भरला. आता उंदीरही तोंड लावेना. पण कापसाची धूळ खाली गळत होती, तिच्यासाठी एक पडदा हवा होता. इथे त्यांना फ्लेक्सची आठवण झाली.

आपल्याकडे फ्लेक्सला काय तोटा! वाढदिवस, निवडणूक, अभिनंदन, श्रद्धांजली. कार्यक्रम उरकला की काका हात जोडून जात आणि मागून आणत. देणाऱ्यालाही बरं वाटे. आता गंमत अशी की फ्लेक्सची पाठ पांढरी असते आणि पांढऱ्यावर ऊन परततं. तेव्हा पाठ वर, सूर्याकडे, हे ओघानेच आलं. आणि पाठ वर म्हणजे तोंड खाली.

माझ्या पलंगावर एक भावी सरपंच होते. काळा गॉगल, पांढरा शर्ट, छातीशी जोडलेले हात. पहाटे डोळे उघडले की आधी तेच दिसत, मला शुभेच्छा देताना. कपडे बदलायची पंचाईत झाली. मी काकूंना सांगितलं, काकूंनी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "काऊन? तो तर गॉगल लावून हाये!" पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येईपर्यंत त्यांनी तो काढून दुसरा लावला. मी वर पाहिलं. नेत्रतपासणी शिबिर. पलंगाएवढा एक उघडा डोळा.

शेवटी काकूंनी आपलं जुनं लुगडं काढून दिलं, ते मी खालून ताणून बांधलं. काका कितीतरी दिवस नाराज होते. त्यांच्या मते त्या डोळ्यामुळे खोलीला शोभा आली होती.

एवढं मात्र मला मान्य करायलाच हवं की मे महिन्यातल्या दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसताना, त्या खोलीत मी पंखा बारीक करून पेपर तपासत असे. काकू कधी कबूल करत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "कायचं गार? भट्टी हाये भट्टी." पण दुपारी वामकुक्षीला बरोबर तिथे आडव्या होत जिथे काकांनी दुहेरी थर भरला होता. मी एकदा हसले, तर त्यांनी डोळा मिटून तोंडावर बोट ठेवलं.

काकूंना स्लॅब गारव्यासाठी नकोच होता. त्यांना गच्ची पाहिजे होती. कुरड्या, पापड, सरगुंडे, वर्षाची मिरची, सगळं वाळवायला त्यांना समोरच्यांच्या गच्चीवर जावं लागे. "लोकाच्या गच्चीवर चटई टाकली का मले असं वाटते, मी त्यायची भाडेकरीन हाओ," त्या एकदा मला म्हणाल्या. त्यात चेष्टा नव्हती. उतरत्या छपराखाली सगळा संसार झालेल्या बाईला एक सपाट जागा हवी होती, इतकंच.

काकांबरोबर कुठे जायचं म्हणजे जोखीम असे. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला तळेगावला गेलो होतो. काकूंनी मलाही ओढून नेलं, "तुमी मास्तरीन आहा, दोन शब्द बराबर बोलान" म्हणून. चहापोहे झाले, मुलगी आली, तिला शिक्षण विचारून झालं आणि पाहतो तर काकांची खुर्ची रिकामी. पुतण्या कासावीस. मुलीचे वडील अंगणात धावले. काका छपरावर. गुडघ्यावर बसून त्यांच्या घराचा एक कवेलू उचलून आत डोकावत होते. मुलगी खाली बसलेली, तिच्या नेमकं डोक्यावर उजेडाचा चौकोन पडला आणि त्यात काकांचं तोंड आलं.

"पोरीच्या डोक्यावर गळते इथं," काका वरून म्हणाले. "इतक्या वर्सांत कोनी पाह्यलं नाई?"

 आता हे लग्न मोडणार असं मी धरूनच चालले होते. आणि ती मुलगी खुदकन हसली. वर मान करून म्हणाली, "मी सांगत होतो ना बाबा, तिथूनच गळते म्हणून! कोनी आयकेच नाई." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असं "होतो" म्हणत नाहीत, मला ते फार गोड वाटलं. लग्न जमलं. मुलीकडचे लोक पुढे सांगत, नवरामुलगा काही खास नाही, पण त्याचा काका मात्र घरादाराची चौकशी करणारा आहे.

तर मी तिथे असतानाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती पैज लागली. कारण अगदी क्षुल्लक. समोरच्या बाईंनी गच्चीला कुलूप लावून किल्लीसकट माहेर गाठलं आणि काकूंचा कुरड्यांचा चीक तयार होता. काकूंनी तो चीक टाकून दिला नाही, काकांसमोर नेऊन ठेवला. "बोला. याले कुठं वाळवू? तुमच्या डोक्यावर?"

काका म्हणाले, "छपरावर वाळव."

"घसरून खाली येतेत कुरड्या!"

"मी त्याचं बी क्लिप बनवतो."

काकूंनी चिकाचं पातेलं खाली ठेवलं. मला हाक मारली. "मॅडम, तुमी साक्षीदार. यंदाच्या वावधनात यायचा एक कवेलू जरी जाग्यावरून हलला, तर पावसाळा सरल्यावर घराले स्लॅब. अन् नाई हलला, तर मी पुन्हा कवाच स्लॅबचं नाव नाई काढाची."

"मंजूर," काका लगेच म्हणाले. बिचारे खूश झाले होते. वावधन म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी येणारं वादळ. त्याची वाट पाहणारा माणूस मी त्यांच्याखेरीज दुसरा पाहिला नाही. रोज दुपारनंतर ते फाटकात उभे राहून पश्चिमेकडे पाहत आणि काही दिसलं नाही की हिरमुसून आत येत.

ते आलं एका दुपारी चारच्या सुमाराला. आधी सगळं पिवळं झालं. मग धूळ, मग पत्र्यांचा आवाज. आम्ही तिघं मधल्या खोलीत होतो. काका मध्यभागी उभे, मान वर, दोन्ही हात कमरेवर. वारा छपरावर आदळत होता आणि वर एक कवेलू वाजत नव्हता. बाहेर कुणाची तरी पाण्याची टाकी गडगडत गेली. कुणाचे पत्रे उडून विजेच्या तारांवर पडले, दिवे गेले. काका पुटपुटत होते, "ये. अजून ये."

तेवढ्यात मागच्या बाजूने एक आवाज आला. मोडण्याचा नव्हता तो. मोठ्या म्हशीने उठताना सुस्कारा टाकावा तसा होता. आणि मागच्या दारातून एकदम भरपूर उजेड आत आला.

मागे छपरी होती, म्हणजे घराला लागून एक उघडा व्हरांडा. त्यातच एका बाजूला माझी चूल-भांडी. आम्ही दारात गेलो. भांडी होती, शेगडी होती, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. वर आभाळ होतं. छप्पर नव्हतं. ते पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये, रायमुनियाच्या झुडपांवर, सरळ, सुलटं, जसंच्या तसं बसलं होतं. अंडी सोडून कोंबडी उठावी आणि जरा पुढे जाऊन पुन्हा बसावी, तसं.

काका गारांमध्ये धावत गेले. छपराभोवती एक फेरी मारली. वाकून वाकून पाहिलं. मग दोन्ही हात वर करून ओरडले, "एक बी नाई! अवं, एक बी कवेलू नाई हलला!"

"छप्परच गेलं ना!" काकू दारातून ओरडल्या.

"पैज कवेलूची होती! छपराची कुठं होती? मॅडम, तुमी सांगा! साक्षीदार आहा तुमी!"

माझ्या तांदळाच्या डब्यात गारा पडत होत्या. तशा अवस्थेत मी न्याय दिला. "काका, कवेलू हलले नाहीत. पण गेले."

झालं होतं ते असं. कवेलू पट्टीला बांधला, पट्टी वाशांना बोल्टने आवळली, खाली फ्लेक्स ताणला. उघड्या छपरीत वारा खालून शिरला. ढिल्या छपरातून तो निसटून जातो, काकांच्या छपरात निसटायला फटच नव्हती. आणि छपरीचे वासे भिंतीवर बसले होते जुन्या, गंजलेल्या खिळ्यांवर. तिकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नाही. ते कायम वर बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून लोक पाहायला येऊ लागले. पोरीबाळी त्या छपरावर चढून फोटो काढून घेत. कुणीतरी व्हिडिओ काढला, त्याला विमानाचा आवाज जोडला आणि तो अख्ख्या वर्ध्यात फिरला. समोरचे गृहस्थ ब्रश करता करता विचारत, "काकाजी, नागपूरले किती वाजता उतरते?"

कपाशी उगवली तेव्हा काका हसले होते. आता हसले नाहीत. पहिल्यांदा मी त्यांना मान सरळ ठेवून चालताना पाहिलं आणि मला कसंसंच झालं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिडकीत ठेवली. सायकलवाल्याचा फोन आला तर म्हणाले, "नोका ठेवू आता. भंगारात देऊन टाका."

 तिसऱ्या दिवशी समोरच्यांनी विमानाचं पुन्हा विचारलं, तशा त्या हातातली केरसुणी घेऊन फाटकात आल्या. "भाऊ, तुमच्या गच्चीवरचे पत्रे कुठं गेले जी? मी पाह्यलं, तुकडे तुकडे झाले. आमच्या यायचा तर एक नग नाई फुटला. हसाचं असन तर आधी आपलं छप्पर गोळा करून आना, मंग हसा." गृहस्थांनी तोंडातला फेस गिळला असावा. नंतर त्यांनी विमानाचं नाव काढलं नाही.

मग काकूंनी चप्पल घातली आणि कुठे जाते न सांगता निघून गेल्या.

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, टोकाला बुद्धविहार होता. काका-काकू दर पौर्णिमेला तिथे वंदनेला जात. भिंती चांगल्या, पण वर पत्रे, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी आत बसणं अशक्य. ते पत्रेही त्याच वादळात उडाले होते. विहाराची सगळी व्यवस्था महिला मंडळाकडे होती आणि मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना लहानथोर सगळे सिस्टरबाई म्हणत. ठेंगण्या, भक्कम, इंजेक्शन द्यायच्या आधी असतो तसा चेहरा.

संध्याकाळी काकू सिस्टरबाई आणि मंडळातल्या पाचसात जणींना घेऊन थेट त्या रिकाम्या प्लॉटमध्ये आल्या. काका घरातून बाहेरच येईनात. मी त्यांना हाताला धरून नेलं.

"जयभीम काकाजी," सिस्टरबाई म्हणाल्या आणि आणखी काही न बोलता साडीचा काठ सावरून छपरावर चढल्या. दोन पावलं चालल्या. मग तिथे चक्क उड्या मारल्या. छप्पर हूं का चूं करेना. खाली उतरून त्यांनी हात झटकले. "हे छप्पर आमच्या विहाराले बसवून द्या."

काका मान खाली घालून म्हणाले, "उडते ते, सिस्टरबाई. पाह्यलं ना तुमी."

काकूच पुढे झाल्या. "छप्पर मजबूत हाये बाई. मानूस भिंतीले बांधाले विसरला, बस्."

सगळ्या बायका हसल्या. आणि काय झालं कोण जाणे, काकाही हसले. त्यांनी हळूच मान वर केली. मग लगेच विचारात पडून म्हणाले, "भिंतीत लोखंडी पट्टे गाडा लागतीन. कोपऱ्याले दुहेरी. मी वेल्डिंग करतो. पन हे एवढंसं छप्पर विहाराले पुरत नाई. कवेलू लय लागतीन. असे कवेलू आता भेटतेत कुठं?"

"घरावर हायेत ना," काकू म्हणाल्या.

"घरावरचे काढले तर घराले काय?"

काकू आभाळाकडे पाहत राहिल्या. बाकीच्या बायकाही आभाळाकडे पाहू लागल्या. काकांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग ते माझ्याकडे वळले आणि कौतुकाने म्हणाले, "पाह्यलं का मॅडम? जिंदगीभर वेल्डिंग मी शिकवलं, अन् टाका हिनं मारला."

पावसाळ्याआधी विहार झाकायचाच होता, म्हणून काम तातडीने सुरू झालं. काकांचे जुने विद्यार्थी आले. पोटं सुटलेले, कानशिलं पिकलेले बाप्ये, स्वतःची वर्कशॉपं असलेले, पण काकांनी "अबे, टाका पाह्य तुह्या!" असं म्हटलं की खाली मान घालून पुन्हा वेल्डिंग करत. कापसाच्या गाद्या बायकांनी भरल्या. फ्लेक्सवरून मंडळात मोठी चर्चा झाली. काकांनी नेत्रतपासणीचा डोळा देऊ केला होता. सिस्टरबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. अखेर छापखान्यातून एक कोरा, निळा फ्लेक्स आणला गेला.

तो पावसाळा आम्ही घरात ताडपत्रीखाली काढला. दिवाळीनंतर स्लॅब पडला. त्याला पाणी मारायला काकू पहाटे उठत, जणू तुळशीला घालतायत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पहिल्याच घाण्याच्या कुरड्या इतक्या घातल्या की अख्खी गच्ची पांढरी झाली. समोरच्या बाईंना मुद्दाम हाक मारून त्यांनी सांगितलं, "तुमाले जागा कमी पडली तर आमच्या इथं टाकत जा, लाजू नका." काका मात्र दुपारी घरात थांबत नसत. जेवण झालं की पेपर घेऊन विहारात जात. आणखी पुष्कळजण जात. लेआउटमधले म्हातारे, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली, तान्ही पोरं घेऊन आलेल्या बाया. बाहेर ऊन भाजून काढत असताना आत सगळे गपगार बसलेले असत.

माझी बदली त्याच उन्हाळ्यात झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात बुद्धपौर्णिमा आली, काकू म्हणाल्या चला. विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, खिरीचं पातेलं कोपऱ्यात. वंदना सुरू झाली आणि खिडक्यांबाहेर एकदम पिवळं झालं. मी काकांकडे पाहिलं. ते उठून, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, दार ओढून बाहेर गेले.

मी खिडकीजवळ होते, म्हणून मला ते दिसले. वावधन पुरतं सुटलं होतं. झाडं जमिनीला टेकत होती. काका भिंतीला पाठ लावून उभे होते, एक हात वर करून कोपऱ्यातला लोखंडी पट्टा घट्ट धरलेला. आता गेलंच, तर छपराबरोबर जायचं, असाच बेत दिसत होता. मग पाऊस आला. आडवा, सुयांसारखा. ते तसेच उभे.

आत वंदना चालूच होती. एकाही बाईचा सूर हलला नाही. कुणी वर पाहिलं नाही. मेणबत्तीची एक ज्योत तेवढी जरा कलली आणि पुन्हा सरळ झाली.

सगळं निवल्यावर दार उघडलं आणि काका आत आले. सदरा अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी ओघळत. लोकांना वाटलं काकाजी कुठे पावसात सापडले. ते सरळ सिस्टरबाईंपाशी गेले आणि भीत भीत म्हणाले, "काई आवाज आला का?"

सिस्टरबाई खिरीचे द्रोण मांडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कायचा आवाज?"

काका तिथेच उभे राहिले. मान मागे टाकून, छपराकडे बघत. काकू उठून आल्या. त्यांनी पदराने आधी त्यांचा चष्मा पुसला, मग कपाळ पुसलं आणि त्यांच्या पायाखाली साचत चाललेल्या थारोळ्याकडे बोट दाखवलं.

"बसा आता खाली," त्या म्हणाल्या. "साऱ्या विहारात फक्त तुमीच गळून राह्यले."